यजमानपदाचा हिशेब मैदानावर मांडावा

पावसाळा ओसरून मैदानातली काळी माती वाळू लागली, की सांगली-साताऱ्याकडच्या महाविद्यालयांत प्राचार्यांच्या टेबलावर दरवर्षी एक प्रश्न येऊन बसतो. यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे यजमानपद मागायचे की नाही? जिमखाना समितीची बैठक बोलावली जाते, चहा येतो, आणि चहा संपेपर्यंत दोन पक्ष पडलेले असतात. एका पक्षाचे म्हणणे असते की स्पर्धा घेतल्याने संस्थेचे नाव होते, वर्तमानपत्रात फोटो येतो, विद्यार्थ्यांत चैतन्य येते. दुसऱ्या पक्षाला ती नसती उठाठेव वाटते. दोन-तीन दिवस तास बुडतात, शिपायांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे राबतात आणि शेवटी आमटी खारट झाली म्हणून बोलणी खावी लागतात ती वेगळीच. सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी लेखाशास्त्र शिकवतो, आणि हिशेब कळतो या एकाच पात्रतेवर मला बरीच वर्षे या समितीत खजिनदार म्हणून बसवले गेले आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून आणि त्यांची बिले जुळवून माझे असे मत झाले आहे की दोघेही चुकीच्या वहीत नोंदी करत आहेत. पाहुणे गेल्यानंतर आपल्या मुलामुलींना खेळायला पूर्वीपेक्षा जास्त काही उरले का, एवढ्या एका गोष्टीवर यजमानपद परवडले की नाही ते ठरायला हवे. या कसोटीला लावली तर आज होणाऱ्या पुष्कळ स्पर्धा तोट्यात जातात. तरीही यजमानपद सोडू नये असे मला वाटते, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी रचना पाहू. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. खेळाडूने महाविद्यालयाच्या संघातून विभागीय स्पर्धेत उतरायचे, तिथून आंतरविभागीय स्पर्धेत, तिथे निवड समितीच्या नजरेत भरला तर विद्यापीठाच्या संघात, आणि पुढे भारतीय विद्यापीठ संघ या देशभरच्या विद्यापीठांच्या संघटनेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत, अशी ही शिडी आहे. २०२० पासून तिला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची आणखी एक पायरी जोडली गेली आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण असल्यामुळे खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांच्या घरी या शिडीकडे छंद म्हणून पाहिले जात नाही, पोटापाण्याचा एक रस्ता म्हणून पाहिले जाते. या शिडीची सर्वांत खालची पायरी मात्र नेहमी कुठल्या तरी महाविद्यालयाच्या मैदानातच टेकलेली असते. सगळ्यांनीच हात वर केले तर शिडी उभीच राहणार नाही. त्यामुळे स्पर्धा कुणीतरी भरवलीच पाहिजे, हे मी गृहीत धरतो. प्रश्न आपण ती का आणि कशी भरवायची, एवढाच उरतो.

या चर्चेत अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे उदाहरण कुणीतरी काढतोच. तिथे महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्यांचे सामने मानांकनात वरच्या सोळा संघांच्या घरच्या मैदानावर होतात, म्हणजे यजमानपद हे वर्षभर चांगले खेळल्याचे बक्षीस असते, तिकिटे विकली जातात आणि गावाचे गाव आपल्या संघामागे उभे राहते. आपल्याकडे तिकीट नाही, दूरचित्रवाणी नाही आणि यजमानपदाचा मानांकनाशी काडीचा संबंध नाही. ज्याची तयारी असेल त्याच्या गळ्यात ते पडते. तेव्हा तिथली नफ्या-तोट्याची गणिते इथे मांडण्यात अर्थ नाही. फक्त एक गोष्ट त्यातून उचलण्यासारखी आहे. घरच्या मैदानावर खेळण्याचा फायदा असतो, हे तिथे उघडपणे कबूल करून नियमात बसवलेले आहे. आपल्याकडे तो फायदा यजमान संघाला मिळतोच, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि हरलेला संघ मात्र परतीच्या एसटीत पंचांना शिव्या घालत जातो.

आता खर्चाची वही उघडतो. समजा, पुरुषांच्या कबड्डीसाठी सोळा संघ आले. प्रत्येक संघात बारा खेळाडू, शिवाय एक व्यवस्थापक आणि एक प्रशिक्षक धरला तर २२४ माणसे होतात. पंच, गुणलेखक, स्वयंसेवक आणि आपले कर्मचारी मिळून अडीचशेच्या पुढे पाने वाढावी लागतात. दोन दिवसांचा नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण, लांबच्या संघांची झोपण्याची सोय, मांडव, ध्वनिक्षेपक, मॅटचे भाडे आणि ती आणणाऱ्या टेम्पोचे भाडे, पंचांचे मानधन, प्रमाणपत्रे, करंडक, शाली आणि श्रीफळे हा सगळा खर्च त्यात येतो. विद्यापीठाकडून आणि देणगीदारांकडून काही भार हलका होतो, बाकीचा जिमखान्याच्या खात्यावर पडतो, आणि जिमखान्याच्या खात्यात जे पैसे असतात ते आपल्याच विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना भरलेले असतात. मी आमच्या एका स्पर्धेची बिले नंतर सवडीने पुन्हा लावून पाहिली. जेवण, मांडव आणि सत्कार या तीन बाबींनीच निम्म्याहून अधिक रक्कम खाल्ली होती. प्रत्यक्ष मैदानावर झालेला खर्च ‘रोलरचे भाडे, फक्की, सुतळी, खिळे’ अशा एका ओळीत मावला होता, आणि वहीतली ती सर्वांत लहान रक्कम होती.

याच्या पुढचे गणित त्याहून बोचरे आहे. बाद पद्धतीने सोळा संघांचे पंधरा सामने होतात आणि आठ संघ पहिलाच सामना हरून घरची वाट धरतात. पुरुषांचा कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो. पंधरा सामन्यांचा निव्वळ खेळ दहा तास भरतो आणि दर क्षणी मैदानात जास्तीत जास्त चौदा जण असतात. हे १९२ खेळाडूंत वाटले तर सरासरीने एकाच्या वाट्याला पाऊण तासाच्या आतच खेळ येतो. बाद होऊन बाहेर बसण्याचा वेळ त्यातून आणखी वजा करायचा. जत किंवा आटपाडीकडून पहाटेची गाडी धरून आलेला, प्रवासाने अंग आंबलेला मुलगा चाळीस मिनिटांच्या एका सामन्यासाठी आलेला असतो, आणि तो राखीव असेल तर तेवढ्यासाठीही नव्हे. अडीचशे माणसांची दोन दिवसांची सरबराई करून आपण दरडोई पाऊण तासाचा खेळ विकत घेतो. एखाद्या दुकानदाराने असा व्यवहार केला असता तर आपणच त्याला वेड्यात काढले असते.

तो पाऊण तासही कसा मिळतो, हे मी जवळून पाहिले आहे. एके वर्षी आमच्या संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून मी शेजारच्या तालुक्यात गेलो होतो. संघांनी साडेआठला हजर राहावे असे पत्र होते. मुले आठ वाजता कपडे बदलून, पाय गरम करून तयार झाली. प्रमुख पाहुणे पावणेअकराला आले. तोवर सगळे संघ रांगा करून उन्हात उभे होते. मध्ये दोनदा बसवले, दोनदा उठवले. मग फेटे बांधणे, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मनोगते आणि शेवटी मैदानपूजन. पहिल्या चढाईला साडेअकरा झाले, आणि सकाळी चुकलेले तीन तास रात्री भरून काढावे लागले. आमचा सामना दोन हॅलोजनच्या उजेडात लागला तेव्हा आठ वाजून गेले होते. बोनस घेऊन मागे वळताना आमच्या चढाईपटूचा पाय मॅटच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत अडकला आणि गुडघा फिरला. प्रथमोपचाराची पेटी होती. तिच्यात कापूस, आयोडीन आणि मुदत संपलेला फवारा निघाला. बर्फ कुठेच नव्हता. शेवटी एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाचा खडा आणला, टॉवेलात गुंडाळून वीटेने ठेचला आणि त्या मुलाच्या गुडघ्यावर धरला. सत्काराचे फेटे मात्र त्या दिवशी चार जास्तच आले होते. ते टेबलावर तसेच पडून होते. त्या मुलाला पुढे शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो पुन्हा कबड्डी खेळला नाही. मला तेव्हापासून यजमान महाविद्यालयाची लायकी जेवणाच्या पंगतीवरून ठरवता येत नाही.

दोष त्या एका महाविद्यालयाचा होता असे मी म्हणणार नाही, कारण आम्हीही थोड्याफार फरकाने तेच करतो. स्पर्धा आता दोन ठिकाणी खेळली जाते, एक मैदानावर आणि एक फाइलीत. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात क्रीडा उपक्रमांची नोंद घेतली जाते, हे योग्यच आहे. पण नोंदीसाठी लागणारे कागद गोळा करणे हेच हळूहळू मुख्य काम होऊन बसते. उद्घाटनाचा अक्षांश-रेखांशासह फोटो हवा, बातमीचे कात्रण हवे, उपस्थितांच्या सह्या हव्यात, अहवाल हवा. क्रीडा संचालकाचे पद रिक्त असले आणि तासिका तत्त्वावरचा एखादा तरुण ते काम ओढत असला, तरी अहवालाच्या रंगीत मुखपृष्ठावर त्याची उणीव दिसत नाही. मागच्या फलकावर देणगीदार पतसंस्थेच्या किंवा कारखान्याच्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे खेळाडूंपेक्षा मोठे असतात, आणि स्पर्धा संपल्यावर तोच फलक कुणाच्या तरी गोठ्यावर आच्छादन म्हणून जातो. स्पर्धेतून गावाला टिकाऊ असे काहीतरी मिळाले, असे खऱ्या अर्थाने तेवढेच म्हणता येईल.

एवढे सगळे मांडल्यावर यजमानपद नकोच, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मी तो काढत नाही, कारण वहीच्या जमेच्या बाजूला ज्या नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत त्या कुठल्याही बिलात येत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मुलींच्या कबड्डीची स्पर्धा आली. तोवर आमच्या महाविद्यालयात खेळणाऱ्या मुलींना कपडे बदलायला स्वतंत्र खोली नव्हती. त्या ग्रंथालयामागच्या बोळात एकमेकींना आडोसा धरून बदलत, आणि आम्हा पुरुष प्राध्यापकांपैकी कुणाला हे ठाऊकच नव्हते, किंवा ठाऊक असून विचारायचे सुचले नव्हते. बाहेरच्या दीडशे मुली येणार म्हटल्यावर धावपळ सुरू झाली. भंगार साठवण्याची एक खोली रिकामी केली, आतून कडी बसवली, आरसा, खुंट्या, बादली, झाकणाची कचरापेटी ठेवली आणि शेजारच्या स्वच्छतागृहाला पाण्याची जोडणी दिली. स्पर्धा दोन दिवसांत आटोपली, खोली राहिली. तिची किल्ली ग्रंथालयाच्या काउंटरवर एका खिळ्याला लटकलेली असते. त्याआधी मुलींच्या संघासाठी बारा नावे जमवताना नाकी नऊ येत. पुढच्या वर्षी आम्हाला निवड चाचणी घ्यावी लागली. २०२३ मध्ये महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळू लागल्यावर मुलींचे संघ बाहेरगावी पाठवणे हलके झाले, हे खरे आहे. पण मुली संध्याकाळी मैदानावर थांबू लागल्या त्या खोलीमुळे, असे माझे ठाम मत आहे. ती खोली स्पर्धेशिवायही करता आली असती, हा आक्षेप मला मान्य आहे. पण वर्षानुवर्षे ती झाली नव्हती आणि घरचे विचारत नाहीत ते बाहेरचे येणार म्हटल्यावर आपण करतो, हा आपल्या घराघरांतला अनुभव आहे. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून तरी भिंतीला रंग लागतो.

मैदानाचेही तेच. आमच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात दुचाकी लावायला सुरुवात झाली होती. दुचाकींच्या पाठोपाठ पत्र्याची शेड येते, शेडपाठोपाठ नव्या अभ्यासक्रमासाठी दोन खोल्या येतात, आणि दहा वर्षांनी त्या महाविद्यालयाला मैदान होते हे जुन्या फोटोंतच सापडते. आसपासच्या शहरांत हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. स्पर्धा घेतल्यामुळे आमच्या मैदानाला वर्षातून निदान दोन दिवस एक उपयोग मिळाला, आणि उपयोग असलेली जागा बळकावणे जरा अवघड जाते. म्हणूनच महाविद्यालयाने यजमानपद घेऊन स्पर्धा जिल्हा क्रीडा संकुलात भरवावी, या सूचनेला मी विरोध करतो. संकुलातली सोय चांगली असते, यात वाद नाही. पण तिथे केलेला खर्च तिथेच राहतो, आणि आपल्या प्रथम वर्षाच्या मुलाला मैदानाच्या कडेला उभे राहून सामना बघण्यासाठी रिक्षा करावी लागते.

आणखी एक लाभ मला अगदी अनपेक्षितपणे कळला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि पाण्याने वेढलेल्या वस्त्यांतली माणसे उंचावरच्या शाळा-महाविद्यालयांत आणली गेली. आमच्याकडेही आली. तीनशे माणसांना कुठे झोपवायचे, किती तांदूळ भिजवायचा, पाण्याचे टँकर कुठे उभे करायचे, बायकांची सोय कोणत्या इमारतीत ठेवायची, रात्रपाळी कुणी करायची, हे त्या रात्री कुणाला विचारावे लागले नाही. आदल्या वर्षीच्या स्पर्धेतली निवास समिती आणि भोजन समिती जशीच्या तशी उभी राहिली, फक्त बिल्ले लावले नव्हते. ज्यांनी कबड्डीच्या संघांना सतरंज्या मोजून दिल्या होत्या तीच मुले पूरग्रस्तांना सतरंज्या मोजून देत होती. कुठल्याही मूल्यांकनाच्या तक्त्यात या कौशल्याला रकाना नाही.

तरीही एका गैरसमजातून बाहेर यायला हवे. स्पर्धा भरवल्याने खेळाडू घडतात, असे आपण उद्घाटनाच्या भाषणात म्हणतो आणि पुरावा म्हणून खाशाबा जाधवांचे नाव घेतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पण त्यांची गोष्ट नीट ऐकली तर ती यजमानपदाच्या बाजूने फारशी जात नाही. गावाने वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा खाशाबा हेलसिंकीला पोहोचले. ते सात हजार मांडवावर खर्च झाले नव्हते, एका माणसावर खर्च झाले होते. अलीकडची नावे घेतली तरी हेच दिसते. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला धनुर्विद्येत जागतिक विजेती झाली, सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनात रौप्यपदक आणले. ही सगळी रोजच्या सरावाची, रोज भेटणाऱ्या प्रशिक्षकाची आणि उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या जागेची फळे आहेत. दोन दिवसांच्या स्पर्धेने त्यातले कुणी घडवलेले नाही, आणि आपण स्पर्धेच्या खर्चाला त्यांच्या नावाची पावती जोडू नये.

मग स्पर्धेचे काम काय? माझ्या मते ते आपल्या भागाला जुन्या काळापासून माहीत आहे. जत्रेतल्या कुस्त्यांचे मैदान आठवावे. कुंडलसारख्या नामांकित मैदानाचे सोडा, साध्या गावच्या जत्रेतही आखाड्यात आधी उतरतात ती गावातली लहान पोरे. रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या लागतात, लंगोट सुटायला आलेली पोरे मातीत लोळतात, लोक हसतात, कुणी दहा-वीस रुपये हातात ठेवतो, आणि मग उतरत्या उन्हात मोठ्या जोडी लागतात. नामांकित मल्लांना बोलावण्याचा खर्च गाव करते, पण ज्या मातीत ते लढतात ती माती आधी गावच्या पोरांनी अंगाला लावलेली असते. आमच्या स्पर्धांत नेमके हेच घडत नाही. मॅट येते, अंथरली जाते, बाहेरचे संघ खेळतात, मॅट गुंडाळली जाते. यजमान महाविद्यालयाच्या संघातली बारा मुले सोडली तर उरलेल्या सगळ्यांचा तिच्याशी संबंध स्वयंसेवकाचा बिल्ला लावून दोरीबाहेर उभे राहण्यापुरता असतो.

मॅटचा मुद्दा जरा सविस्तर मांडायला हवा, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत तिने या खेळातली विषमता वाढवली आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून मॅटवरचा, बूट घालून खेळायचा खेळ घराघरांत दिसू लागला आणि वरच्या स्तरावरच्या स्पर्धा मॅटवरच होऊ लागल्या. पुरुषांच्या मैदानाची लांबी तेरा मीटर आणि रुंदी दहा मीटर. एवढी जागा झाकणारी चांगली मॅट लाखाच्या पुढे जाते. खेड्यातल्या महाविद्यालयाचा संघ वर्षभर मातीवर अनवाणी सराव करतो आणि मॅटला पहिल्यांदा पाय लावतो तो थेट सामन्याच्या दिवशी. मातीवर घसरणारा पाय मॅटवर चिकटतो, वळताना सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि ज्याला आपण सरावाचा अभाव म्हणतो तो पुष्कळदा जागेचा अपरिचय असतो. यजमान महाविद्यालयाने मॅट स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळऐवजी आठवडाभर आधी आणली, आसपासच्या चार संघांना तिच्यावर एकेक संध्याकाळ दिली, आणि स्पर्धेनंतर तीन दिवस आपल्या वर्गावर्गांतल्या मुलामुलींना तिच्यावर खेळू दिले, तर वाढलेले भाडे एका भोजनाच्या पंगतीहून अधिक होत नाही. शक्य असेल तिथे तीन-चार महाविद्यालयांनी मिळून मॅट विकतच घ्यावी आणि ती टेम्पोतून फिरती ठेवावी. मालकी कुणाची, यावरून भांडणे होतील हे मला ठाऊक आहे. शेतात चुलत्यांची सामाईक विहीरही भांडत-भांडतच चालते, पण पाणी सगळ्यांच्या उसाला मिळते.

दुसरी सूचना स्पर्धेच्या स्वरूपाविषयी आहे. विभागीय स्तरावर दोन दिवसांची बाद पद्धतीची जत्रा भरवण्याऐवजी जवळजवळच्या महाविद्यालयांचे गट करून साखळी सामने का खेळवू नयेत? सांगली, मिरज, तासगाव, पलूस ही एकमेकांपासून सकाळी जाऊन संध्याकाळी सहज परत येता येईल अशी ठिकाणे आहेत. सातारा, कोरेगाव, वाई यांचेही तसेच. शनिवारी दुपारी एका महाविद्यालयाने एकाच संघाला बोलवावे, एक सामना मुलांचा, एक मुलींचा. मांडव नको, पाहुणे नकोत, जेवणही नको. वडापाव आणि चहा पुरतो. प्रत्येक संघाला पाच-सहा सामने मिळतात, हरलेल्यालाही पुढच्या शनिवारी पुन्हा उभे राहता येते, आणि प्रत्येक महाविद्यालय वर्षातून दोन-तीनदा यजमान होते. तीस मुलांची व्यवस्था बघायला समित्या लागत नाहीत आणि तासही बुडत नाहीत. वर्षाला १८० अध्यापन दिवस भरण्याची विद्यापीठ अनुदान आयोगाची अट ज्यांच्या डोक्यावर असते त्या प्राचार्यांनाही हे मानवेल. यात अडचणी आहेत. पंच दर शनिवारी मिळणे कठीण जाईल, निवड समितीला सगळे खेळाडू एका जागी पाहता येणार नाहीत, आणि सत्र परीक्षांचे वेळापत्रक कुणाला विचारून लागत नाही. पंचांची अडचण सोडवण्याचा मार्ग आमच्याच स्पर्धेत मला दिसला: गुणलेखन करायला बसवलेल्या आमच्या दोन विद्यार्थ्यांना त्याची गोडी लागली आणि त्यांनी पुढे पंच परीक्षा दिली. निवडीसाठी शेवटची मोठी स्पर्धा राहीलच. ती मोठ्या संस्थेने घ्यावी आणि खुशाल फेटे बांधावेत, पण पहिला सामना साडेआठला लावून; उद्घाटन अंतिम सामन्याआधी करता येते, आणि पाहुण्यांनाही चांगला खेळ बघायला मिळतो.

यंदाची बैठक मागच्या आठवड्यात झाली. यजमानपद घ्यावे, असे मी मत दिले आणि अंदाजपत्रकाचा मसुदा उलट्या क्रमाने लिहून नेला. पहिल्या ओळीत रोलर आणि मुरूम, दुसऱ्या ओळीत दहा दिवसांचे मॅटभाडे, तिसरीत फिजिओथेरपिस्टचे मानधन आणि बर्फाची पेटी, मग पंच, मग पाणी, मग साधे जेवण; शाली आणि श्रीफळे सर्वांत शेवटी, उरले तर. वाचून झाल्यावर समितीत थोडी हसाहस झाली आणि स्वागत समितीच्या प्रमुखांनी माझ्याकडे पाहून विचारले, “सर, आणि फेटे?” तीन ओळी वर सरकल्या, दोन खाली आल्या. बर्फाची पेटी मात्र तिसऱ्या ओळीवरच ठेवायला सगळे तयार झाले.